दुसऱ्या पायाचं माप

‘एकच पाय सुजला किंवा पोटरी दुखायला लागली, तर अंगावर काढू नका. लगेच या,’ बाळाला घेऊन घरी निघताना नर्सने बजावलं होतं. सूनबाई ‘हो हो’ म्हणाली. तिचं सगळं लक्ष बाळाच्या टोपीकडे.

मित्रांनो, तेव्हा मी सासूबाईंच्या गळ्यात होते. शिवणकाम अर्धवट टाकून त्या तशाच आल्या होत्या. मी एक जुनी टेप आहे. माझे आकडे पुसट झालेत, टोकाचा पत्रा निघून पहिला सेंटीमीटर झिजून गेलाय. ‘आई, टाका आता ही,’ असं सून कितीदा म्हणाली असेल.

बाराव्या दिवशी सासूबाईंनी तिला नवा पायजमा शिवला. माप सवयीने एकाच पायाचं घेतलेलं. शिवणारे दुसरा पाय तसाच धरतात. पण घालताना डावा पाय पोटरीशी अडला.

‘दोन दिवस दुखतोय. मांडीवर बाळ घेऊन बसून आखडला असेल,’ सून म्हणाली. ‘जरा तेलाने चोळून देता?’

सासूबाईंनी तेलाऐवजी मला उचललं. उजवी पोटरी चौतीस, डावी अडतीस.

‘चोळायचं नाही. नर्स काय म्हणाली होती? चप्पल घाल.’

तातडीच्या विभागात मला पाहून डॉक्टरीणबाई हसल्या. ‘आजी, हिचा पहिला सेंटीमीटर कुठे गेला?’

‘दोन्ही पायांना तेवढाच गेलाय. पण दोन पोटऱ्यांतला चार सेंटीमीटरचा फरक तर खरा ना?’

त्यांचं हसू थांबलं. गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर त्यांनी दोन्ही पायांवर पेनाने खुणा केल्या आणि मलाच घेऊन पुन्हा मोजलं. फरक चारचाच. लगेच सोनोग्राफी झाली. खोल शिरेत रक्ताची गुठळी होती.

‘ही सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं.’

सुनेने बाळाला घट्ट धरलं. ‘मी याला दूध पाजू शकेन ना?’

‘खुशाल पाजा. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देतो. वेळेत आलात.’

आता दोन महिने झाले. फरक एका सेंटीमीटरवर आलाय. सून स्वतःच मोजते आणि मला नीट गुंडाळून ठेवते. टाका म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, कुणी ऑपरेशननंतर पडून असेल. ‘काही नाही, आखडलाय’ म्हणत असेल. आज तिच्याजवळ जाऊन बसा. आणि पाय बघाल तेव्हा दोन्ही बघा.