खंडेनवमीला मला आंघोळ घातली

मी टॅब बोलतोय. मला मारलं आप्पासाहेबांनी, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी. भागवतनं नाही. हे आधी ऐकून घ्या, मग बाकीचं.

मुदखेडजवळच्या एका हायस्कुलात मी आलो. अख्ख्या शाळेत एकटाच. सुरुवातीला कुलपात ठेवलं, का तर म्हणे पोरं खराब करतील. खराब कोण करतं ते पुढं दिसलंच.

उज्वला मॅडम बदलून आल्या, तेव्हा मी बाहेर निघालो. त्यांनी माझ्यात इंग्रजी शब्दांचा ऑनलाइन खेळ लावला. वरून चित्र पडतं. ते जमिनीला टेकायच्या आत त्याचा शब्द दाबायचा. नववीतला भागवत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारा. मी हातात आलो अन् पोरगं पेटलं. बकेट! थंडर! शोल्डर! शब्द दाबताना वर्गभर ओरडायचा.

"हळू रे," मागच्या बाकावरची आरती म्हणायची, "भोक पाडतो का काय त्याला?"

या खेळाच्या जिल्हा स्पर्धेच्या ऑनलाइन फेरीसाठी त्याची निवड झाली. त्याचे वडील देविदास म्हणाले, "फेरीत नाव आलं तर दहावीत घालतो. न्हाई तर चल माझ्यासंगं वीटभट्टीवर."

म्हणजे पोराची शाळा माझ्यावर टांगलेली.

फेरी दसऱ्यानंतर होती. खंडेनवमीला ऑफिसात पूजा मांडली. शाळेची घंटा, मोठा कंपास, माळ्याची कुदळ आणि मी. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, इथपर्यंत ठीक. मग आप्पासाहेबांनी तांब्या उचलला.

"सर, त्याच्यावर पाणी नको."

"मॅडम, तुमच्या जन्माआधीपासून पूजा करून राहिलो मी. मला शिकवू नका."

पळीपळीनं पाणी सोडलं. वरून नारळाचं. चार्जिंगच्या भोकातून ते आत शिरलं. पडदा एकदा लखलखला अन् कायमचा गेला. सगळे हात जोडून उभे.

पडदा गेला, कान शाबूत होते. तेच वाईट झालं.

फेरीच्या दिवशी मी चालू होईना. आप्पासाहेबांनी देविदासला बोलावून घेतलं. "तुमच्या पोरानंच पाडला असंल. दिवसभर गेम खेळून राहिला."

मी हादरलो. अहो, पूजेला अख्खा स्टाफ होता! सगळ्यांनी बघितलं होतं! एकाचंही तोंड उघडलं नाही. नको म्हणणाऱ्या मॅडमसुद्धा वह्यांची पानं उलटत बसल्या, ऐकू आलं मला.

"बाबा, दसऱ्याच्या सुट्टीपासून मी त्याला हात बी लावला न्हाई."

फाडकन आवाज आला. "सर लबाड बोलतेत का रे, भाग्या? एवढा मोठा माणूस?"

मोठा माणूस. डोक्यावर पांढरे केस आले की खोटं बोलायचा परवाना मिळतो वाटतं यांना.

आता मी परत कपाटात आहे. भोकात कुंकू वाळून बसलंय. मला दुरुस्त करू नका, माझं काही अडत नाही. पण मास्तरांनो, त्या दिवशी हात जोडून उभे होता ना तुम्ही? मग देविदासच्या दारात जाऊन सांगा, पाणी कुणी ओतलं. अजून कुणी गेलेलं नाही.

भागवत वीटभट्टीवर आहे. त्याची शाळा नववीत संपली.