वाडीच्या दारात

पाळी गेली म्हणून कुणी पेढे वाटत नाही, पण दमयंतीने मनातल्या मनात ते साऱ्या केळवे गावात वाटले होते. कारण त्यांची पानवेलीची वाडी. काय त्या वाडीचा तोरा! दारात चपला काढायच्या, पाय धुवायचे, आणि बाईच्या त्या चार दिवसांत कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं की वेल जळतो, असं सासू सांगायची. लग्न झाल्यापासून दमयंती दर महिन्याला कुंपणाबाहेर उभी राहायची आणि आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकाला कळायचं की हिची आलीय. पन्नाशीत सुटली एकदाची. मग वाडी तिचीच झाली. वेल बांधावेत तिने, पानं खुडावीत तिने. नवरा, कृष्णकांत, नुसता पाणी सोडण्यापुरता उरला.

आणि मेलं ऐन दिवाळीत पुन्हा रक्त दिसलं.

थोडंसंच होतं. पण सांगणार कुणाला? वाडीत जायचं थांबवावं, तर शेजारच्या घरातली जाऊ मंजुळा भर अंगणात विचारणार, "काय गो, या वयात परत?" त्या नुसत्या कल्पनेनेच दमयंतीच्या कानशिलांना चटके बसले. म्हणून ती जातच राहिली, काही झालंच नाही अशा थाटात. आणि पौषात शेवटच्या ओळीतले वेल बुंध्याशी काळे पडले, पानं देठापासून गळायला लागली. हे आपलं काम, दुसऱ्या कुणाचं नाही, हे तिने मनाशी धरलं ते पक्कं धरलं.

तेवढ्यात गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर आलं. गावची आशा सेविका दीपाली घरोघर फिरून बायकांना अक्षरशः ओढून नेत होती. दमयंतीही गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मधेच रक्त वगैरे जातं का?"

"छे, नाय," दमयंती म्हणाली. डॉक्टरसमोर खोटं! सांगा, काय म्हणावं या बाईला?

पंधरवड्याने दीपाली दारात उभी राहिली. तिचा चेहराच सांगत होता.

"काकी, तुमच्या तपासणीत पेशी जरा बदललेल्या दिसल्या हायत. लगेच कॅन्सर असं नाय हां. पण पालघरला दुर्बिणीतून बघायला लागेल, एक बारका तुकडा काढून तपासतील. काकांना घेऊन या."

"हळू बोल गं बाई," दमयंती म्हणाली. कॅन्सरचं नाव ऐकूनही तिला पहिली भीती वाटली ती मंजुळाच्या खिडकीची.

ठरलेल्या दिवशी बोईसरच्या नणंदेकडे जाते असं सांगून ती एकटीच पालघरला गेली. दवाखान्याच्या बाकावर सफाळ्याची मामेसासू बसलेली दिसली आणि बाईसाहेब आल्या पावली परत! घरी येऊन नणंदेने म्हणे पोहे केले होते, हेही सांगून मोकळी झाली. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. मरणाची भीती होतीच, पण तिच्याही वर लाज. आपण घाण झालो, वाडी बुडवली, आणि आता हे अंगात उगवलंय ते त्याचीच शिक्षा आहे, असं तिला वाटत होतं.

इकडे कृष्णकांतला वेलांपुढे दुसरं काही दिसत नव्हतं. रोगट पानं ओल्या फडक्यात गुंडाळून तो कृषी केंद्रात जायचा. जाताना एसटीतल्या अनोळखी माणसालाही फडकं उघडून दाखवायचा, "बघा ना, कसं झालंय!" कसली लाज नाही की काही नाही. एकदा गेला, दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला. परत आला तो पडेल चेहऱ्याने सरळ वाडीत शिरला.

"शेवटची ओळ उपटायला लागेल," तो म्हणाला. "बाबांच्या हातची लावण."

दमयंती तिथेच वेल बांधत होती. तिच्या हातातली दोरी गळून पडली.

"मी मारली ती," ती म्हणाली. "मला रक्त जातंय. तरी मी आत येत होते. तपासणीत पण वाईट निघालंय. दीपालीनं बोलावलं तर मी पळून आले."

कृष्णकांतची नजर खाली गेली, थेट तिच्या पायांवर, वेलांच्या बुंध्याशी टेकलेल्या. क्षणभरच गेली, पण तिने पाहिली. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पदर तोंडाशी धरून ती बाहेर आली आणि विहिरीच्या कठड्याला टेकून रडली.

बऱ्याच वेळाने तो आला. हातात ते फडकं तसंच होतं.

"मुळं कुजली हायत," तो म्हणाला. "पाणी साचून. पहिल्या फेरीतच सांगितलं होतं केंद्रातल्या सायबांनी. पाणी मी सोडतो ना, म्हणून मला पटत नव्हतं. मग फिरलो पानं नाचवत." त्याने खाली पाहिलं. "तुला कधीपासून जातंय?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून," तो म्हणाला आणि त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "पानं घेऊन तीनदा गेलो गं मी. आणि आता तू सांगितलंस, तर मी तुझे पाय बघितले."

दुसऱ्या दिवशी दोघं पालघरला गेली. बाकावर साऱ्या बायका, मधे हा एकटा बाप्या अंग चोरून बसलेला. आत डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. दार अर्धवट उघडं होतं. दमयंतीच्या जिभेवर ते जुनं 'नाय' आयतं आलं होतं, ते तिने गिळलं.

"जातं. दिवाळीपासून. मागं लाज वाटली म्हणून खोटं सांगितलं." आवाज कापत होता, पण बाहेर ऐकू जाईल इतका होता.

बाईंनी तुकडा घेतला. निकाल आठवड्याने. दोन दिवस थोडं रक्त जाईल, घाबरू नका, असं त्यांनी कृष्णकांतलाही बोलावून सांगितलं.

संध्याकाळी दोघं घरी पोचली. दमयंती सवयीने वाडीच्या कुंपणाबाहेर थांबली. मंजुळा आपल्या अंगणातून टक लावून बघत होती. कृष्णकांतने चपला काढल्या, पाय धुतले, आणि दारातून मागे वळून पाहिलं.

"शेवटची ओळ काढायची हाय," तो मंजुळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मला एकट्याला नाय जमायचं. तू ये."

"अहो, आज..."

"ठाऊक हाय मला. ये."

मान वर करायचं तिला अजून धाडस नव्हतं. तिने खाली बघतच चपला काढल्या आणि त्याच्या चपलांशेजारी ठेवल्या.