वजनाची रिकामी चौकट

वाद जुनाच होता. मुलांच्या दवाखान्यांसाठी ऋजुताने केलेल्या प्रोग्रॅममध्ये वजनाची चौकट रिकामी राहिली, तर काम अडू नये म्हणून तो आपला वीस किलो धरून चाले आणि त्यावरच औषधाचं माप काढी. आठ महिन्यांपूर्वी तिनेच तशी सोय केली होती. आता ती काढायची म्हणून देवासच्या ऑफिसात भागीदार अंबरीशच्या मागे लागली होती.

"कम्प्यूटरच्या भाषा घडवणारे काय सांगतात, भिया? लिहिणाऱ्याला 'सांभाळून लिही' म्हणू नका. चुकीचं लिहिताच येणार नाही अशी भाषा करा. त्यातल्या एकाने सोपं पडतं म्हणून भाषेत 'रिकामं' चालू दिलं, अन् म्हातारपणी चारचौघांत चूक कबूल केली."

"तू कुठे भाषा घडवतेस? फॉर्म बनवतेस! नर्सला सांग, नीट भरत जा."

एवढ्यात धारहून तिच्या वडिलांचा, अण्णांचा फोन. "ऋजू, चिऊला झटके येतायत गं. भरती केलंय. घाबरू नकोस, इथं तुझाच प्रोग्रॅम आहे."

भावाची चिऊ सात महिन्यांची, जेमतेम सहा किलोंची.

"वजन केलं तिचं?"

"काटा बिघडलाय म्हणे. सिस्टर सुई भरतेय बघ."

"थांबवा! अण्णा, हात धरा तिचा! फोन द्या!"

पलीकडे ट्रे आपटला. चिऊचा श्वास घरघरत होता. सुई दिली तरी जीव जाईल, उशीर केला तरी जाईल. नारायणा! अण्णा उभा जन्म कीर्तन करत आले. म्हणत, "मागून म्हणणाऱ्या श्रोत्यांना 'चुकू नका' सांगून भागत नाही, पोरी. ध्रुपदच असं बांधावं की चुकायला जागा उरू नये." ते ऐकत वाढलेल्या पोरीनेच जागा ठेवली होती.

"मॅडम, कम्प्यूटर पे तो यही डोज आया है," सिस्टर म्हणाली.

"वजन में छह भरो. फिर देखो."

बटणं वाजली.

"हे भगवान... मैंने तो तिगुने से भी ज्यादा भर लिया था."

ती सुई टाकून सिस्टरने नव्या मापाने दुसरी भरली अन् दिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग अण्णांचा फाटका आवाज आला, "थांबले गं झटके. निजली."

ऋजुताने खुर्चीचा हात सोडला. अंबरीशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा प्रोग्रॅम आणखी कुठे चालतो?" त्याने विचारलं.

"नालछा. कन्नौद."

आठ महिन्यांत तिथे किती चौकटी रिकाम्या राहिल्या, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"कन्नौदला मी फोन लावतो," तो म्हणाला. "तू नालछा लाव."

तिने नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली, आणि कोणी उचलेना.