बॅटरीवरचं कुंकू

रूपानं चावी फिरवली. टक्‌टक्‌टक्‌टक्. डॅशबोर्डचे दिवे पेटले आणि लगेच मिणमिणते झाले.

"मेली ती गाडी, वहिनी," सोमनाथ, तिचा दीर, सकाळी फोनवर म्हणाला होता. "दुपारी टोचन लावून ओढत नेतो माझ्याकडं चितेगावला. त्याआधी चालू झाली तर ठेवा तुम्ही, माझं काय जातंय?"

तिच्या नवऱ्याचा, विश्वजीतचा दहावा उरकला त्याच दिवशी या सख्ख्या भावानं गाडीभोवती फेरी मारून टायर लाथेनं दाबून पाहिले होते. दुःख होतंच, पण टायर नवे होते. तेव्हाही रूपाला राग आला नाही, आजही येत नव्हता. दाढ काढल्यावर गाल असतो तशी ती आतून बधिर होती. एवढंच कळत होतं, की गाडी गेली की बजाजनगरच्या या दोन खोल्यांतून निघायचं ते दीर म्हणेल तेव्हा, दीर म्हणेल तिकडं.

टक्‌टक् म्हणजे स्टार्टरला पुरता करंट पोचत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि ती मोबाईलचा उजेड धरून शिव्या खायची, त्यात आपोआप कळलं होतं.

तिनं बॉनेट उघडलं. बॅटरी दिसतच नव्हती. वर कुंकवाचा चिखल, तांदूळ, खोबऱ्याचे तुकडे. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर फुगून आलेला.

"दर अवसेला तिथंच नारळ फोडते मी," सासू आवडाबाई मागून म्हणाल्या. "पाणी वाहते. पोराची गाडी हाय, जित्ती राहावी."

"त्या पाण्यानंच सडली, आत्याबाई."

"मंग काय टायरवर फोडू? गाडीचा जीव बॅटरीत असतो म्हणायचा त्यो."

रूपानं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतलं. फस्सकन फेस आला. लाल पाणी नालीकडं वाहत गेलं.

"समदं धुतलंस माझं," आवडाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

पॉलिश पेपरनं टर्मिनलचं शिसं चकाकेपर्यंत घासून रूपानं वायरी कसल्या. हेडलाईट लावून चावी फिरवली. आता टक्‌टक् नाही. घर्र... घर्र... आणि गप्प. हेडलाईटही विझत आला. म्हणजे वायरी ठीक, बॅटरीच रिकामी.

"फहमिदाभाभी, जंपरच्या वायरी हायेत का?" तिनं शेजारी हाक मारली.

"हायेत ना! तेरा देवर आतोय क्या? आने दे. मेरी गाडी को बी टोचन लगातोय क्या, देखती मैं."

फहमिदानं आपली गाडी तोंडाला तोंड लावून उभी केली. लाल वायर प्लसला प्लस. काळीचं एक टोक तिच्या मायनसला, दुसरं रूपाच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. थोडा वेळ फहमिदानं इंजिन नुसतंच चालू ठेवलं.

मग रूपानं चावी फिरवली. गाडी खोकली, हादरली आणि चालू झाली. आवडाबाईंनी हात जोडले. रूपाला आनंद व्हायला हवा होता. तिनं वाट पाहिली. नाही झाला.

फहमिदा वायरी काढून गाडी मागं घेतच होती, तेवढ्यात सोमनाथ दोर घेऊन गल्लीत शिरला आणि थेट रूपाच्या बंपरसमोर उभा राहिला.

"बंद करा वहिनी, बसून बोलू."

"बंद केली तर परत चालू व्हायची नाय."

"मंग कुठं निघाल्या?"

"माहीत नाय. बाजूला व्हा, भाऊजी."

तिनं पहिला गिअर टाकला. सोमनाथ हलेना. तिनं क्लच सोडायला घेतला, तेव्हा हलला.