स्कॉटलंडचा नवस

स्कॉटलंड स्वतंत्र झालं नाही आणि त्यापायी पनवेलच्या झकेरिया शिरढोणकरचं लग्न राहून गेलं. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. झकेरियाही तसंच धरून चालला होता.

सदुसष्ट सालची दिवाळी नुकतीच सरली होती. झकेरिया मिठाच्या खात्यात कारकून. इस्रायल आळीतल्या, त्याच्याच बेने इस्रायली यहुदी समाजातल्या रुथशी त्याचा साखरपुडा झालेला, लग्न मे महिन्यात. सगळं सुरळीत होतं. फक्त रुथच्या शेजारी नाथन पळसपेकर राहत होता.

नाथन मुंबईत एका स्कॉच मालकाच्या जहाज-ऑफिसात नोकरीला होता आणि रोज संध्याकाळी एसटीनं घरी यायचा. त्याचा साहेब अॅबर्डीनचा. साहेबाला गावची आठवण आली की तो ती नाथनला सांगे आणि नाथन ती जशीच्या तशी रुथच्या ओसरीवर आणून ओते. त्या महिन्यात तर तिकडच्या एका पोटनिवडणुकीत स्वतंत्र स्कॉटलंड मागणारी बाई निवडून आली. साहेबानं ऑफिसात पेढे वाटले म्हणे. त्यातला एक नाथननं त्या बातमीच्याच कागदात बांधून रुथसाठी आणला. झकेरियासाठी आणला नाही. कागद मात्र त्याला वाचायला दिला.

मग रोजचाच विषय झाला. स्कॉटलंडची व्हिस्की, मासळी, लोकर, जहाजं, सगळ्याचा पैसा लंडनला जातो आणि लंडन त्यातली चिमूटभर साखर परत हातावर ठेवतं, असं नाथनचं म्हणणं. झकेरियाचं म्हणणं उलट. लंडननं हात काढून घेतला तर शाळामास्तरांचे पगार हे लोक मासळीत देणार काय? रुथ स्वतः शाळेत शिकवायची. ती शांतपणे म्हणाली, "मुंबई सोडा, तुम्हाला ती झेपायची नाही, असं संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी आपल्यालाही सांगत होतेच की."

वाग्दत्त वधू स्कॉटलंडला जाऊन मिळालेली पाहून झकेरियानं वाचनालय गाठलं आणि लंडनच्याच ताब्यातला वेल्स हाती घेतला. वेल्समध्ये कोळसा आहे, पोलाद आहे आणि त्यांचा माणूस तर आदल्याच वर्षी निवडून आलाय, तेव्हा वेल्स आधी सुटणार, असं त्यानं ओसरीवर जाहीर केलं.

"आणि कोळसा संपल्यावर?" रुथनं विचारलं.

झकेरियाचं वाचन तिथवर पोचलं नव्हतं. नाथननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे रे झकू. मेंढ्या आहेत त्यांच्याकडे."

रुथ हसली. ती हसली की तिच्या डाव्या गालावर खळी पडायची आणि ती खळी आपल्या नावावर झालेली आहे, अशी झकेरियाची समजूत होती.

त्याच आठवड्यात रुथच्या भावाला नोकरी लागली म्हणून तिच्या आईनं, जोकबेदबाईंनी, नवस बोललेला मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचलेली. एलियाहू हन्नबीचं, नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं, नाव घेऊन प्रार्थना झाली आणि ताट फिरू लागलं. नाथननं मूठभर पोहे घेतले आणि म्हणाला, "स्कॉटलंड सुटलं की माझा मलिदा. आख्ख्या आळीला."

खळी पडली.

झकेरियाच्या तोंडात केळं होतं. ते गिळायचीही त्यानं वाट पाहिली नाही. "नाही सुटलं तर माझा," तो म्हणाला. "आळीला आणि बाजारपेठेला."

लोक हसले. जोकबेदबाई हसल्या नाहीत. नबीचं नाव घेतलेल्या ताटासमोर बोलला म्हणजे नवस झाला आणि नवस डोक्यावर ठेवून आपल्या घरात कुणी लग्नाला उभं राहिलेलं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

झकेरिया दुसऱ्या दिवशी पोहे घेऊनच हजर झाला. "मावशी, आजच फेडतो. आज कुठे सुटलंय स्कॉटलंड?"

"आज नाही सुटलं. उद्या सुटलं तर?" जोकबेदबाई म्हणाल्या. "मग फेडलास कशाबद्दल? नबीला फसवायचंय तुला?"

"मग फेडू कधी?"

"सुटणार नाही हे पक्कं झालं की."

"ते कधी पक्कं होणार?"

"ते मी कसं सांगू? तुझा नवस."

झकेरिया हा पेच घेऊन मिठागरावर गेला. तिथे त्याचा दोस्त महादेव आगरात मीठ ओढत होता. महादेवनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तीन बाजूनी दर्या हाय आनि मीठ नाय पिकवत? मंग कसला रं राज्य?"

पण वाट सापडली ती तिथेच. स्कॉटलंड स्वतंत्र झालं तर झकेरियाचा नवस आपोआप रद्द. म्हणजे आता स्कॉटलंड सुटायलाच हवं होतं, तेही मे महिन्याच्या आत. झकेरिया मान खाली घालून नाथनकडे गेला. नाथन मोठ्या मनानं सरकून बसला, हाच त्याचा सर्वांत वाईट गुण. दोघं मिळून स्कॉटलंडचं अंदाजपत्रक मांडू लागले. झकेरियानं व्हिस्कीवर कर बसवला, लंडनच्या कर्जातला वाटा नाकारला, किनाऱ्यावर मिठागरं काढली. तिथे ऊन नसतं, असं नाथन म्हणाला. तर मीठ पनवेलहून उधार पाठवायचं ठरलं. वेल्सलाही बरोबर सोडवायचं ठरलं, एकट्याला धीर होत नाही म्हणून.

रुथ रोज येऊन बसायची, मन लावून ऐकायची, बेरजा तपासायची. बसायची नाथनच्या बाजूला. उजेड तिकडून येतो, असं ती म्हणाली. झकेरियानं दिवा उचलून आपल्या बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आता डोळ्यांवर येतो.

मार्च सरला. अंदाजपत्रकात शिल्लक दिसू लागली, पण लंडनची काही हालचाल दिसेना. तेव्हा झकेरियानं खात्याच्या रिवाजाप्रमाणे मुंबईच्या ब्रिटिश वकिलातीला अर्ज टाकला:

"विनंती अर्ज करण्यात येतो की, सदर स्कॉटलंड देश येत्या मे महिन्यापूर्वी स्वतंत्र करावा, अथवा तो कधीही केला जाणार नाही असा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदारास द्यावा. दोन्ही गोष्टी नियमात बसत नसल्यास श्री. नाथन पळसपेकर यांची अॅबर्डीन येथे कायमची बदली करण्याबाबत संबंधितांस आदेश व्हावेत, आणि बदलीवर जाताना त्यांना कोणतीही खळी सोबत नेऊ देऊ नये, ही विनंती. कळावे."