पेशंटची खुर्ची

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याची एक बाटली, कागदी रुमालांचा एक डबा आणि एक घड्याळ. घड्याळ पेशंटच्या पाठीमागे टांगलेलं, म्हणजे वेळ फक्त थेरपिस्टला दिसते. ही मांडणी मॅडमनीच ठरवलेली. आज त्या पहिल्यांदाच घड्याळाकडे पाठ करून बसल्या.

समोर त्यांचा सहायक. सगळे त्याला फुटपट्टी म्हणत, कारण अर्धा गुणही तो इकडचा तिकडे होऊ देत नसे.

नियमही मॅडमचाच. उपचार चालू असताना पेशंटने जीव दिला, तर पेशंटची घेतात तीच आघाताची चाचणी थेरपिस्टचीही घ्यायची. प्रश्न सतरा, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण गुण अडुसष्ट. तीस किंवा त्याहून जास्त आले, की सहा महिने पेशंट बघायचे नाहीत. मॅडमकडे पाच पेशंट होते. गेल्या आठवड्यात त्यातल्या शिक्षिकेने जीव दिला. उरलेल्या चौघांनी कुठे आत्ता तोंड उघडलं होतं.

सकाळी थोरली बहीण फोनवर म्हणाली होती, "अजून रडली नाहीस? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" मॅडम "हं" म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

"पेपर तुम्हीच काढलेला," फुटपट्टी म्हणाला. "म्हणजे फुटलेलाच की."

"वाच रे बाबा."

तो वाचत गेला. झोप, दचकणं, चिडचिड. मॅडम आकडे सांगत गेल्या, दुकानात सामान सांगावं तसे. डोक्यात बेरीज आपोआप होत होती. सोळा प्रश्नांचे सत्तावीस झाले.

"शेवटचा. 'आपल्या माणसांबद्दल काही वाटेनासं झालं आहे का?'"

"हा काढून टाका म्हणत होते सगळे. पेशंटला कळत नाही म्हणे."

"मॅडम, गप्पा नंतर. नियम तुमचाच."

दोन म्हटलं असतं, तर चौघं हातात राहत होते. शिक्षिका या प्रश्नाला दर वेळी हसून शून्य म्हणायची. मॅडमनी दर वेळी शून्यच लिहून घेतलं होतं.

"चार," त्या म्हणाल्या.

फुटपट्टीचं पेन थांबलं. "नक्की?"

"असं विचारायचं नसतं. लिही."

त्याने लिहिलं. बेरीज दोनदा केली.

अडुसष्टपैकी एकतीस.