वरच्या गावच्या आजारी आया

आमच्या गावचा संगीताचा उत्सव पंधरा ऑगस्टला, चर्चच्या सणादिवशी, आणि मेल्या वरच्या गावचाही त्याच दिवशी. त्यांचा क्लॅरिनेटवाला आमच्यापेक्षा सरस आहे, हे मी मेले तरी कबूल करणार नाही. पण कामाच्या पाळ्या मीच लावते, त्यामुळे दरवर्षीची नाटकं मला पाठ आहेत. सकाळपासून एकेक जण तोंड पाडून येतो. कुणाची आई वरच्या गावात आजारी, कुणाची आत्या. आणि संध्याकाळी तीच आई तिथे रिंगणात सगळ्यांच्या पुढे नाचत असते!

यंदा दुपारी स्टेर्गिओस आला. पंचेचाळिशीचा, अबोल माणूस. त्याची पाळी चार ते आठ, मटण भाजायच्या शेगडीवर.

"लांब्रिनीमावशी, पाळी बदलून द्याल का? आई बरी नाहीये. वरच्या गावाहून बहिणीचा फोन आला."

"अगंबाई, तुझीसुद्धा? आजचा तू पाचवा. साथ आलीय की काय तिथे?"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. तोही कसनुसा हसला.

"खरंच बरी नाहीये, मावशी."

"मग आठला जा की. तोवर आई काही पळून जात नाही."

हे मी म्हटलं. याच तोंडाने म्हटलं.

त्याने ॲप्रन बांधला आणि आठपर्यंत शेगडीपुढून हलला नाही. बहिणीच्या घरी पोचला, तेव्हा आईला जाऊन अर्धा तास झाला होता.

दफनानंतर दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. त्याने कॉफी केली, समोर ठेवली.

"शिव्या घाल रे मला," मी म्हटलं. "पण काहीतरी बोल. माझ्यामुळे तुझी आईशी शेवटची भेट हुकली."

त्याने साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही नाही म्हणालात ना मावशी, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"काय?"

"बहीण म्हणाली होती, शेवटचं आहे, ये. माझा पायच निघेना. आईला तसं बघायची भीती वाटत होती. तुमच्या पाळीचं निमित्त मिळालं, सुटलो म्हटलं." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "बहिणीला हे सांगू नका. तिला वाटतंय, तुम्हीच सोडलं नाहीत."

"वाटू दे तसंच," मी म्हटलं.

रविवारी चर्चच्या दारात त्याची बहीण समोर आली. मला बघून ती थुंकली. स्टेर्गिओस तिच्या शेजारीच उभा होता. मी मान खाली घालून आत गेले.